माझ्या हातचं पाणी

आईच्या टाचा मी रोज बघायचो. सकाळी अंग पुसून झालं की तिला कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, माकडहाड बघायचं आणि शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही टाचा. जरा कुठे लालसर दिसलं की पायाखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी तिला एकही जखम होऊ दिली नव्हती आणि याचा मला अभिमान होता. त्याच काळात माझ्या स्वतःच्या तळपायाला भोक पडलं आणि ते मला कळलंही नाही.

घरात कुणाचं तरी अंथरुणातलं करणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतात, ती मी देणार नाही. जे मी डॉक्टरांपासूनही लपवलं, तेवढंच सांगतो.

आमच्याकडची पद्धत

मी बोईसरला राहतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, पण तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात लागलो आणि इथलाच झालो. काम पॅनेलवरचं, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून प्लांट चालवायचं. प्लांट अखंड चालतो, म्हणून पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की शेजारी उभा राहतो, आपण त्याला रिॲक्टरचं तापमान, दाब, काय अर्धवट आहे ते सांगतो. सगळं ऐकून तो मोठ्यानं म्हणतो, "चार्ज घेतला." त्या क्षणापासून जाणाऱ्यानं पॅनेलला बोट लावायचं नाही. काही चुकतंय असं वाटलं तर तोंडानं सांगायचं, हात घालायचा नाही. दोघांचे हात एका पॅनेलवर आले की प्लांट कुणाच्या ताब्यात आहे हेच कुणाला कळत नाही.

कारखान्यात मी हा नियम इतकी वर्षं पाळला. घरी एकदाही पाळला नाही.

वडील गेल्यावर आई गावी एकटीच होती. एका सकाळी शेजारणीला ती चुलीपाशी पडलेली सापडली. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. साताऱ्याच्या दवाखान्यातून मी तिला थेट बोईसरला आणलं.

माझी बायको शोभा आणि आई यांचं फारसं कधी जमलं नव्हतं. भांडणं झाली असं नाही. पण लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही गावी गेलो की आई तिच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. आमटी पातळ, भाकरी जाड, पदर नीट नाही. शोभा ऐकून घ्यायची आणि मी गप्प बसायचो. त्यामुळे आई आजारी होऊन घरात आली तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की शोभाला काही सांगायचा मला हक्क नाही. आईचं सगळं मी करणार. अंघोळ, कपडे, शौच-लघवीचं भांडं लावणं, साफ करणं, सगळं. शिफ्टला जायच्या आधी आणि आल्यावर. मी नसताना शोभानं फक्त लक्ष ठेवायचं, भरवायचं, आणि अगदीच अडलं तर जवळच्या बेटेगावात ओळखीच्या एक बाई होत्या, त्यांना बोलवायचं.

हे ठरवताना मी शोभाला विचारलं नाही. आईला तर नाहीच नाही.

माझं कौतुक

भेटायला येणारे म्हणायचे, "असा मुलगा आजकाल मिळत नाही." मी "त्यात काय एवढं" म्हणायचो, पण मला ते आवडायचं. आता लिहायला लाज वाटते, पण कुणी आलेलं असताना मी आईची उशी मुद्दाम परत एकदा सारखी करायचो.

मला साखर आहे हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. आईच्या आधी मी वेळेवर तपासणी करायचो, एमआयडीसीच्या रस्त्यानं फिरायला जायचो. ती आल्यावर आधी फिरणं गेलं, मग तपासणी पुढे ढकलली, मग गोळ्या आठवल्या तर. आईच्या गोळ्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत. माझ्या पायांना आधी मुंग्या यायच्या. नंतर त्या यायच्या बंद झाल्या आणि मला वाटलं, चला, हे एक बरं झालं.

मोठा प्रश्न एकच होता. आई पाणी पीत नव्हती. तिला सारखा लघवीचा संसर्ग व्हायचा, थंडी वाजून ताप भरायचा. डॉक्टर दरवेळी म्हणायचे, पाणी वाढवा. मी ग्लास घेऊन बसायचो आणि ती ओठ मिटून घ्यायची.

"आई, एवढा एकच."

"नगं रं संभा."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"तहान न्हाय मला."

मी कधी गोडीनं सांगायचो, कधी ओरडायचो. एकदा चमच्यानं जबरदस्तीनं पाजायला गेलो, पाणी तिच्या मानेवरून उशीवर सांडलं आणि मी ग्लास बेसिनमध्ये आपटला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

मोजा

त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट संपली होती. माझे रिलिव्हर मिश्राजी उशिरा आले होते, म्हणून पॅनेलचा चार्ज मी एका ज्युनिअर पोराला देऊन आलो होतो; ते कपडे बदलत होते, मी बूट काढत होतो. मिश्राजी वाराणसीकडचे, आम्ही बरीच वर्षं एकमेकांना रिलीव्ह करतोय.

"भाईसाहब, ज़रा मोजा देखिए अपना," ते म्हणाले.

मोजा खाली ओला होता आणि रंग चहासारखा. मी बूट उपडा केला. त्यातून वाटाण्याएवढा खडीचा तुकडा पडला. मी त्यावर उभा राहून काम करत होतो, जिने चढत-उतरत होतो. आजच की आधीपासून, हेही मला सांगता येत नव्हतं. मिश्राजींनी तो खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ये चुभा नहीं आपको?"

"नहीं."

त्यांनी पॅनेलवरच्या पोराला थांबायला सांगितलं आणि मला गाडीवर बसवून स्वतः डॉक्टरकडे नेलं. तिथून चिठ्ठी मिळाली, पालघरला जा, आजच.

पालघरच्या हॉस्पिटलात सर्जन एक बाई होत्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी अंगठ्याखालच्या जखमेत बारीक सळई घातली, ती बरीच आत गेली. मी छताकडे बघत होतो आणि मला काहीच दुखत नव्हतं. दुखत नाही हीच वाईट बातमी आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अंगठा बहुधा जाईल. पू किती वर चढलाय ते आत गेल्यावर कळेल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करू.

मी म्हणालो, "आज ॲडमिट नाही होता येणार. आई अंथरुणावर आहे. तिला उचलावं लागतं."

"उचलायला पाय लागतो ना?" त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

मी शोभाला फोन केला. आईचं काय काय करायचं ते सांगायला लागलो, कुठली उशी कुठे, पेज किती पातळ, कूस कशी वळवायची. ती मध्येच म्हणाली, "तुम्ही पायाचं सांगा." मी परत उशीवरच आलो.

तांडेल

शस्त्रक्रिया झाली. अंगठा गेला. पाऊल राहील की नाही, ते जखम कशी भरते त्यावर ठरणार होतं. रोज सकाळी ड्रेसिंग सोडायचं, डॉक्टरबाई वाकून वास घ्यायच्या, कडा दाबून बघायच्या आणि "बघू उद्या" म्हणायच्या. त्या दोन शब्दांवर माझा दिवस जायचा.

शेजारच्या खाटेवर चिंचणीचे एक म्हातारे तांडेल होते. आयुष्यभर बोट चालवलेली, आता साखरेनं एक पाय अर्धा गेलेला. ते मला कंपनीवाले म्हणायचे. मी दर थोड्या वेळानं शोभाला फोन लावायचो. वळवलं का, औषध दिलं का, पाठ बघितली का. मोबाइल उचलला की तांडेल खोलीभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "लागला याचा वायरलेस."

"काका, आई आजारी आहे माझी."

"आरे मंग बाई हाय ना तितं? का तीपन तुज्या फोनवरच चालते?"

त्यांची बायको दुपारी डब्याच्या तळाला सुक्या बोंबलाची चटणी लपवून आणायची. वास लपायचा नाही. सिस्टर आली की तांडेल माझ्याकडे बोट दाखवायचे, "कंपनीचा वास हाय, सिस्टर. एमआयडीसीवाले असेच वासतात." मी नको नको म्हणता म्हणता हसायचो. हसून किती दिवस झाले होते, ते तेव्हा लक्षात आलं.

आता जे लिहायचंय ते मला जड जातं. हॉस्पिटलात मला सुख वाटत होतं. पायाची खात्री नव्हती, तरीही. कुणीतरी चहा आणून देत होतं. कुणीतरी माझी चादर बदलत होतं. दुपारी खिडकीतून वारा यायचा आणि मी झोपायचो, आणि उठल्यावर कुणालाही वळवायचं नसायचं. एका दिवशी तर जेवण झाल्यावर डोळा लागला आणि जाग आली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मला आईची आठवणच आलेली नाही. मी घाईघाईनं फोन शोधला. तो उशाखाली होता. तरी मी लगेच लावला नाही. थोडा वेळ तसाच पडून राहिलो. त्या थोड्या वेळात मी किती हलका होतो, ते कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. आपण मनातून आईच्या जाण्याची वाट बघतोय की काय, या विचारानं मग रात्रीचं जेवण गेलं नाही.

आज मला कळतं की ते फक्त थकलेपण होतं. थकलेल्या माणसाला आराम गोड लागतो, त्यात आईचं वाईट चिंतलेलं नसतं. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगतो.

शोभानं सांगितलं

शोभा एसटीनं यायची, आईपाशी बेटेगावच्या बाईंना बसवून. त्या दिवशी ती पेरू घेऊन आली होती. स्टुलावर बसून फोडी करत होती.

मी नेहमीचं विचारलं, "पाणी पितेय का थोडंफार?"

"पितायत."

"थोडं थोडं पाजत राहा. हट्ट करते ती."

"नाही करत. मागून पितायत."

मला ते खरं वाटेना. "आई? मागून?"

तिनं सुरी खाली ठेवली. "सांगू नको म्हणाल्यात मला. पण तुम्ही घरी येऊन परत ग्लास घेऊन बसाल, म्हणून सांगते. तुम्हाला ॲडमिट केलं त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं, तर अख्खा तांब्या प्यायल्या. मीच घाबरले. म्हटलं, अहो आई, एवढी तहान? तर रडायला लागल्या."

"का?"

"म्हणाल्या, भांडं लावायला आता तू हायस न्हवं, मग पिते."

मला अजूनही कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पेरूकडे बघत बोलली. "तुमच्यासमोर कपडे वर करायचे त्यांना सहन होत नव्हतं. जितकं पाणी कमी तितकं भांडं कमी. म्हणून तहान मारायच्या. म्हणाल्या, पोटचा असला तरी बाप्याच की गं त्यो. पर बोलू कसं, लई मायेनं करतोय."

मी सलाईनच्या नळीकडे बघत राहिलो. थेंब पडत होते. ते सगळे ताप, ती थंडी, बेसिनमध्ये आपटलेला ग्लास. मी तिला पाणी पाज पाज पाजत होतो आणि ती माझ्यामुळेच तहानलेली होती.

"तू आधी का नाही केलंस हे?" मी विचारलं. विचारताना आवाज चढला, ते चूकच होतं.

शोभाचा आवाज चढला नाही. "करू दिलंत कुठं? मी उशी लावली की तुम्ही येऊन परत लावायचात. पेज भरवायला बसले तर चमचा हातातून घेतलात, मोठा घास देतेस म्हणून. मला वाटलं, मी त्यांना हात लावावा असं तुम्हालाच वाटत नाही. जुनं मनात धरून." तिनं सुरी परत हातात घेतली. "माझ्या मनात काही नव्हतं हो. असलं तरी त्यांना बघून गेलं."

तिनं फोडी माझ्या हातात दिल्या आणि एसटी चुकेल म्हणून निघाली.

तांडेल तोंडावर पंचा घेऊन झोपल्याचं सोंग करत होते. ती गेल्यावर पंचा बाजूला झाला.

"कंपनीवाले, माजी सून मना अंगोळ घालायला आली ना, तवा मी खिडकीतून उडी मारनार होतो. एकच पाय चालत होता, म्हनून रायलो."

मी हसलो, आणि हसता हसता रडलो. तांडेलांनी डबा पुढे केला. मी बोंबलाची चटणी पेरूबरोबर खाल्ली. त्या दिवशी मी पुन्हा फोन लावला नाही.

घरी

पाऊल राहिलं. एका सकाळी डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं वाकून बघितलं आणि "बघू उद्या"च्या ऐवजी "जा घरी" म्हणाल्या. तांडेल म्हणाले, "परत येऊ नको. आलास तर बोंबील नाय देनार."

घरी परतल्यावर काय काय बदललं ते थोडक्यात सांगतो. बेटेगावच्या बाई आता रोज सकाळी येतात. अंघोळ आणि कपडे त्या आणि शोभा करतात. मी आईच्या उजव्या हाताचे व्यायाम करून घेतो, नखं काढतो, पेपर वाचून दाखवतो, संध्याकाळचा चहा पाजतो. तिच्या टाचा शोभा बघते, आणि त्यानंतर त्याच टॉर्चनं माझे तळपाय बघते, कारण ते मला स्वतःला दिसत नाहीत. बूट घालण्याआधी आत हात फिरवतो. तपासणीची तारीख आली की सुट्टी टाकतो. यात मोठेपणा काही नाही. फक्त, हे मी आईसाठी करतो असं आता म्हणत नाही. माझ्यासाठी करतो, म्हणतो. म्हणायला अजून जड जातं.

तुम्ही कुणाचं करत असाल तर एकच सांगेन. ज्याचं करता त्याला विचारा, माझ्याकडून काय चालेल आणि काय नको. उत्तर ऐकायला त्रास होईल. तरी विचारा. मी आईला अजून विचारलेलं नाही, ती शोभाला सांगू नको म्हणाली होती आणि तिचा तो आडोसा मला मोडायचा नाही. पण मी पुढ्यात ग्लास घेऊन बसणं सोडलं.

घरी आलो तो दिवस मात्र सांगायचा राहिला. रिक्षातून उतरून, वॉकर टेकत टेकत आईच्या दारात उभा राहिलो. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली पट्टीकडे. जड जिभेनं, एकेक शब्द सोडत म्हणाली, "एक बोट कुटं ठिवून आलास?"

"पालघरला."

"आन जोडे निम्मे झिजतील की आता," ती म्हणाली आणि तिच्या डाव्या गालावर हसू आलं. मग डोळे भरले. मग तिनं शोभाकडे बघून ओठ हलवले. पाणी.

तांब्या माझ्या हाताशी होता. मी वॉकर एका हातात धरून दुसरा पुढे केलाच. सवयीनं. शोभानं माझ्याकडे बघितलं. माझ्या कामाच्या गोष्टी तिनं इतकी वर्षं ऐकल्यात, मला वाटायचं कानाआड करते.

"चार्ज घेतलाय मी," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. बाहेर आलो. तिनं दार लोटून घेतलं. मी खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवला. आत उशी सरकवल्याचा आवाज आला. मी लावली असती तशी नसावी, बहुधा जरा जास्तच वर सरकवली होती. मी उठलो नाही. मग फुलपात्राचा आवाज, आणि आईचं सावकाश, घोट घोट पिणं.

"अजून?" शोभानं विचारलं.

"दे," आई म्हणाली.

समोर टेबलावर माझ्या गोळ्या होत्या. मी त्यातली दुपारची काढली, माझ्यासाठी पाणी ओतून घेतलं आणि प्यायलो.